इंडोनेशियन शब्दांचे अर्थ संस्कृतावरून लावावेत का?

विचारणाऱ्यांनी गेले सहा महिने स्वतःच्या स्वतः इंडोनेशियन भाषेचा अभ्यास चालवला आहे आणि सोबत चाळीस शब्दांची एक यादी पाठवली आहे. यादीत एका बाजूला इंडोनेशियन शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचे संस्कृत मूळ आणि त्यावरून लावलेला मराठी अर्थ, अशी मांडणी आहे. त्यांचे प्रश्न दोन आहेत. संस्कृत शब्द इतके असताना मराठी माणसाने शब्दसंग्रह वाढवताना त्यांचाच आधार का घेऊ नये, हा पहिला. वाचताना भेटणारे कितीतरी शब्द कोशात शोधूनही सापडत नाहीत, त्याचे काय करावे, हा दुसरा.

मी गेली २२ वर्षे इंडोनेशियनमधून मराठीत आणि इंग्रजीत अनुवाद करतो आहे. न्यायालयीन कागद, करारनामे, वैद्यकीय अहवाल हे रोजचे काम आणि कथा-कविता अधूनमधून. त्या अनुभवावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देतो की, संस्कृत मूळ माहीत असणे शब्द लक्षात ठेवण्यासाठी फार उपयोगाचे आहे, पण अर्थ लावण्यासाठी ते धोक्याचे आहे. मराठीची खरी मदत होते ती या ओळखीच्या शब्दांत नव्हे, तर जे शब्द आपल्याला मुळीच ओळखीचे वाटत नाहीत अशा साध्या, घरगुती शब्दांत. हे पटवून देण्यासाठी जरा सविस्तर लिहावे लागेल.

आधी लेखनाविषयी दोन वाक्ये. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात. तिथल्या 'ई' (e) या अक्षराला दोन उच्चार आहेत, एक आपल्या 'ए'सारखा आणि दुसरा आपल्या ऱ्हस्व 'अ'सारखा, तर 'ए' (a) हे अक्षर नेहमी 'आ' असेच उच्चारले जाते. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो ऱ्हस्व उच्चार साधायला वेळ लागतो, पण आपला 'अ' तोच आहे. म्हणून पुढे 'कपाला', 'नगारा' असे लिहिले आहे, ते ऐकू येते तसेच आहे. गावांची नावे मात्र मराठीत रूढ आहेत तशीच ठेवली आहेत.

शब्दसंग्रहाला इंडोनेशियनमध्ये 'कोसाकाता' म्हणतात. कोश आणि कथा, असे आपण लगेच ओळखतो. पण 'काता' म्हणजे कथा नव्हे, 'काता' म्हणजे शब्द. कथेला तिथे 'चरिता' म्हणतात, जो आपला 'चरित' आहे. व्याकरणात क्रियापदाला 'काता कर्जा' म्हणतात, म्हणजे संस्कृताच्या हिशेबाने 'कथा-कार्य', आणि या जोडीवरून खरा अर्थ कुणालाही काढता येणार नाही. खुद्द 'अर्थ' या शब्दाचे तिथे दोन शब्द झाले आहेत. 'आर्ती' म्हणजे शब्दाचा अर्थ आणि 'हार्ता' म्हणजे संपत्ती. संस्कृतात एकाच शब्दाच्या पोटात असलेल्या दोन अर्थांना या भाषेने दोन वेगळी रूपे देऊन टाकली, हे मला फार सुंदर वाटते. मराठीत आपण 'अर्थ' आणि 'अर्थव्यवस्था' यांत संदर्भाने फरक करतो, तो तिथे उच्चारानेच होतो.

यादीतील पहिली मोठी चूक 'देसा' या शब्दाची आहे. त्यापुढे 'देश' असे लिहिले आहे. 'देसा' म्हणजे खेडेगाव. देश किंवा राज्यसंस्था यासाठी शब्द आहे 'नगारा', जो आपला 'नगर' आहे. शहराला म्हणतात 'कोता', जो आपला 'कोट', किल्ला. म्हणजे आपला देश तिथे गाव झाला, आपले नगर तिथे राष्ट्र झाले आणि आपला कोट तिथे शहर झाला. 'वंश' हा शब्द 'बांग्सा' होऊन राष्ट्र या अर्थी, म्हणजे एका राष्ट्राचे लोक या अर्थी, वापरला जातो. 'कपाल' म्हणजे कवटी हा शब्द 'कपाला' होऊन साध्या डोक्यासाठी आणि पुढे प्रमुखासाठी आला. त्यामुळे 'कपाला देसा' म्हणजे गावाचा प्रमुख, आपल्याकडचा सरपंच म्हणा, आणि 'कपाला नगारा' म्हणजे राष्ट्रप्रमुख. या दोन पदांत गल्लत झाली तर अनुवादात काय होईल ते सांगायला नको.

हे अर्थ असे का सरकले, हे समजून घेतले तर त्रास कमी होतो. हे शब्द कालपरवा कुणी संस्कृत कोशातून उचललेले नाहीत. बोर्निओच्या पूर्वेला कुताई येथे राजा मूलवर्मन याचे संस्कृत लेख असलेले दगडी यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, सापडले आहेत, ते इसवी सन ४००च्या सुमाराचे मानतात. सुमात्रात पालेमबांग येथे सापडलेला कदुकान बुकित शिलालेख सातव्या शतकातला आहे. त्याची भाषा जुनी मलय, म्हणजे आजच्या इंडोनेशियनची पूर्वज आहे, पण कालगणना शकाची आहे आणि तिथी वैशाख शुद्ध एकादशी आहे. म्हणजे पंचांगाचे शब्द जसेच्या तसे आणि वाक्य मात्र मलय. तेव्हापासून जावातील काव्यांत, राजदरबारांत, बंदरांच्या बाजारांत हे शब्द दीड हजार वर्षे तिथल्या माणसांच्या तोंडी घोळले आहेत. जावामध्ये राजाचे नगर आणि राजाचे राज्य यांत फरक मानत नसत, त्यामुळे 'नगारा' हा शब्द राजधानीपासून राज्यापर्यंत सहज पसरला. आपल्याकडे तेच शब्द दुसऱ्या वाटेने गेले. दोन्ही भाषांनी आपापला संसार केला, तेव्हा एकीच्या घरात दुसरीचे अर्थ शोधायला जाणे बरोबर नाही.

'संसार' हा शब्द मुद्दामच वापरला, कारण तोही यादीत आहे. 'संगसारा' म्हणजे हालअपेष्टा, यातना. जन्ममरणाच्या फेऱ्याचे दुःख तेवढे त्या शब्दात उरले, तर मराठीत त्याच शब्दाचा अर्थ नवराबायकोचा चुलीभांड्यांचा प्रपंच असा झाला. त्याला इंडोनेशियनमध्ये 'रुमाह तांगा' म्हणतात, शब्दशः घर आणि जिना. एका लग्नपत्रिकेतील 'नव्या संसारास शुभेच्छा' या ओळीचा अनुवाद करताना एका विद्यार्थ्याने 'संगसारा' हा शब्द घातला होता, आणि पत्रिका छापायला जाण्याआधी ती माझ्या नजरेखालून गेली हे नशीब. भावनांचे शब्द असेच फिरलेले आहेत. 'चिन्ता' म्हणजे प्रेम. ज्याच्यावर जीव आहे त्याची काळजी वाटते, हा धागा लक्षात घेतला की शब्द कायमचा पाठ होतो. 'गम्बिरा' म्हणजे आनंदी, उल्हसित, आणि तो 'गंभीर'वरून आला आहे. 'मुर्का' म्हणजे संतप्त, तो 'मूर्ख'वरून आला आहे. 'सुका' म्हणजे आवडणे. 'सतिया' म्हणजे एकनिष्ठ, तो 'सत्य'वरून आला आहे, खरे या अर्थी मात्र तिथे 'बनार' हा शब्द आहे.

व्यवहारातील शब्द मी जरा वेगळे काढतो, कारण करारनाम्यांत रोज तेच भेटतात आणि तिथे चूक महागात पडते. 'बिआया' म्हणजे खर्च, तो 'व्यय'. 'हार्गा' म्हणजे किंमत, तो 'अर्घ'. 'उसाहा' हा 'उत्साह', पण अर्थ प्रयत्न आणि व्यवसाय, आणि 'बादान उसाहा' म्हणजे व्यवसाय करणारी संस्था. 'जासा' हा 'यश', पण अर्थ एखाद्याने केलेली सेवा, कामगिरी. त्यामुळे 'बिआया जासा' म्हणजे सेवाशुल्क. 'व्यय' आणि 'यश' समोर ठेवून सेवाशुल्क हा अर्थ कुणालाही सुचणार नाही, पण एकदा कळल्यावर दोन्ही ध्वनिबदल लक्षात राहतात. 'व'चा 'ब' होतो आणि 'य'चा 'ज' होतो. 'विचार'चे 'बिचारा' झाले, म्हणजे बोलणे. 'वृत्त'चे 'बरिता' झाले, म्हणजे बातमी. 'कार्य'चे 'कर्जा' झाले. 'मोदाल' म्हणजे भांडवल, हा शब्द तमिळमधून आला आहे आणि आपल्या 'मुद्दल'च्या कुळातला आहे. तिथे मात्र अर्थ जवळजवळ जुळतो.

धर्माचे शब्दही वाचकाला चकवतात. रमजानच्या उपवासाला 'पुआसा' म्हणतात, तो 'उपवास'. पापाला 'दोसा', पुण्याला 'पाहाला', म्हणजे 'फल'. स्वर्ग-नरकाला 'सुर्गा' आणि 'नराका'. बहुसंख्य मुसलमान समाज हे शब्द नित्य वापरतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. 'पन्देता' हा 'पंडित', पण अर्थ प्रोटेस्टंट पंथाचा धर्मगुरू.

एक शब्द जवळून पाहू. इंडोनेशियातील अनेक शहरांत मोठ्या पाटीवर 'रुमाह साकित भायांगकारा' असे लिहिलेले दिसते. 'रुमाह साकित' म्हणजे रुग्णालय, आजाराचे घर. दुसरा शब्द आपला 'भयंकर' आहे, आणि पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मी रस्त्यात थबकलो होतो. जावातील जुन्या माजापाहित राज्यात राजाचे रक्षण करणाऱ्या दलाला भायांगकारा म्हणत. चौदाव्या शतकातील प्रख्यात महामंत्री गाजाह मादा हा त्याच दलातून वर आला. शत्रूला ज्यांचे भय वाटावे असे ते रक्षक. आधुनिक इंडोनेशियाच्या पोलिसांनी ते नाव घेतले, १ जुलै हा त्यांचा दिवस 'भायांगकारा दिन' म्हणून पाळतात, आणि पोलिसांच्या रुग्णालयांना तेच नाव आहे. भीती या अर्थापासून संरक्षण या अर्थापर्यंतचा हा प्रवास एका पाटीवर वाचता येतो. संस्कृत कोशातून तो मिळाला नसता, इतिहासातून मिळाला.

सगळेच शब्द असे सरकलेले आहेत असे मात्र समजू नये. 'गुरु', 'नामा', 'गाजाह', 'साक्सी', 'दुता', 'मानुसिया', 'राहासिया' यांचे अर्थ आपल्याजवळच राहिले आहेत. १७ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनी रस्त्यांवरच्या फलकांवर 'दिर्गाहायु' असे लिहितात, ते आपले 'दीर्घायू'च आहे. माझे म्हणणे एवढेच की कोणता शब्द सरकला आणि कोणता राहिला, हे मुळावरून ओळखता येत नाही.

अरबी-फारसी शब्दांच्या बाबतीत मराठी वाचकाला थोडा जास्त फायदा आहे, आणि तो आजच्या मराठीपेक्षा पेशवाईतल्या मराठीचा आहे. इंडोनेशियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे नाव आहे 'देवान परवाकिलान राक्यात'. यात 'देवान' म्हणजे 'दिवाण', 'वाकिल' म्हणजे 'वकील' आणि 'राक्यात' म्हणजे 'रयत'. आज वकील म्हटले की काळा कोट डोळ्यांसमोर येतो, पण मराठ्यांच्या पत्रव्यवहारात वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी आपला प्रतिनिधी म्हणून राहणारा माणूस. इंडोनेशियनने तोच अर्थ जपला आहे. 'वाकिल' म्हणजे प्रतिनिधी, आणि उपपदाधिकारीसुद्धा, जसे 'वाकिल प्रेसिदेन' म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष. 'रयत' हा शब्द आपण शेतकरी कुळांपुरता मर्यादित केला, तरी रयत शिक्षण संस्थेच्या नावात त्याला जो व्यापक अर्थ आहे, सामान्य जनता हा, तोच 'राक्यात'चा आहे. बखरी वाचलेल्या माणसाला हे सभागृहाचे नाव 'रयतेच्या प्रतिनिधींचे मंडळ' असे सहज उलगडते.

तरी इथेही सावध राहावे लागते. 'हुकुम' म्हणजे कायदा, आज्ञा नव्हे. 'हाकिम' म्हणजे न्यायाधीश, औषध देणारा नव्हे. 'तामास्या' म्हणजे सहल. मूळ अरबी शब्दात मौजेखातर फिरणे असाच अर्थ होता, तो तिथे राहिला आणि आपल्याकडे ढोलकीच्या फडावर येऊन बसला. 'नाखोदा' म्हणजे जहाजाचा कप्तान, आणि कोकणकिनाऱ्यावरचा कोळ्यांचा 'नाखवा' तोच. समुद्र ओलांडून आलेला शब्द दोन्ही किनाऱ्यांवर होडीतच राहिला, याचे मला अप्रूप वाटते. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलय किनाऱ्यावरचे मलाक्का बंदर घेतले, त्यामुळे गोव्याच्या वाचकांना काही शब्द घरचे वाटतील. 'गरेजा' म्हणजे इगर्जी, 'पेस्ता' म्हणजे फेस्त, पण तिथे कोणताही समारंभ, 'जन्देला' म्हणजे कोकणीतील 'जनेल', खिडकी.

आता जिथे मराठीची खरी मदत होते तिकडे वळतो. यादीत या प्रकारचा एकही शब्द नाही, आणि माझ्या मते हीच तिची मुख्य उणीव आहे.

इंडोनेशियनमध्ये नकारासाठी चार शब्द आहेत. 'तिदाक', 'बुकान', 'जांगान' आणि 'बलुम'. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके यावर पाने खर्च करतात. मराठी माणसाला चार शब्दांत सांगता येते. 'तिदाक' म्हणजे नाही, 'बुकान' म्हणजे नव्हे, 'जांगान' म्हणजे नको, आणि 'बलुम' म्हणजे अजून नाही. 'तो येत नाही' यात 'तिदाक', 'तो डॉक्टर नव्हे' यात 'बुकान', 'जाऊ नकोस' यात 'जांगान'. तुमचे लग्न झाले आहे का, असे तिथे सर्रास विचारतात, आणि झाले नसेल तर 'तिदाक' म्हणणे चमत्कारिक वाटते, 'बलुम' असेच म्हणावे लागते, कारण आयुष्यात पुढे होईल ही शक्यता खुली ठेवायची असते. आपणही 'नाही' म्हणून थांबत नाही, 'अजून नाही' असेच म्हणतो. हल्ली बोलण्यात 'नव्हे' मागे पडून सगळीकडे 'नाही' येऊ लागले आहे. ज्यांच्या कानावर 'नव्हे' अजून आहे, त्यांना 'बुकान' एका दिवसात येतो.

तसेच 'किता' आणि 'कामी'. 'किता' म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासह. 'कामी' म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला वगळून. हा भेद नसलेल्या भाषांतून आलेले विद्यार्थी वर्षानुवर्षे चुकत राहतात, आणि आपल्याला त्याचा विचारही करावा लागत नाही.

शेताचे आणि स्वयंपाकघराचे शब्द घ्या. योग्यकार्ताजवळच्या एका खेड्यात भातकापणीच्या दिवसांत मी काही आठवडे राहिलो होतो. उभ्या पिकाला 'पादी' म्हणत. मळणी होऊन टरफलासकट पोत्यात भरले की तेच 'गाबाह'. भरडून पांढरे झाले की 'बरास', आणि शिजून ताटात आले की 'नासी'. घरच्या बाईंनी सूप हातात घेऊन एकेक बाजूला काढत मला दाखवले. वर उडते ते 'सकाम', म्हणजे तूस. खाली पडतो तो 'ददाक', म्हणजे कोंडा. तुटलेले दाणे 'मनिर', म्हणजे कणी. अंगणात पडलेला पेंढा 'जरामी', कोपऱ्यातले उखळ 'लसुंग' आणि मुसळ 'आलु'. माझ्या आजीचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे प्रत्येक शब्दासमोर एक मराठी शब्द आपोआप उभा राहत होता, आणि एकही दोनदा विचारावा लागला नाही. अंगण झाडायला त्यांनी घेतला तो 'सापु लिदी'. 'लिदी' म्हणजे माडाच्या पातीतला हीर, आणि 'सापु लिदी' म्हणजे हिरांचा खराटा. हीर या वस्तूला ज्या भाषेत शब्दच नाही, तिच्यातून शिकणाऱ्याला इथे लांबलचक वर्णन पाठ करावे लागते. करवंटीला 'तम्पुरुंग' म्हणतात, आणि ज्याला आपण कूपमंडूक म्हणतो त्याला ते 'करवंटीखालचा बेडूक' म्हणतात.

सर्वांत महत्त्वाचा शब्द 'हाती'. पुस्तके त्याचा अर्थ हृदय असा देतात, आणि मीही सुरुवातीला तसाच लिहीत असे. कामाच्या पहिल्याच वर्षी एका रुग्णाच्या तपासणी अहवालात 'फुंगसी हाती' हे शीर्षक आले आणि मी 'हृदयाचे कार्य' असे भाषांतर करून दिले. खाली दिलेली रक्ततपासणीची आकडेवारी यकृताची होती. ती वाचणाऱ्या डॉक्टरांनी मला फोन करून विचारले, म्हणून निभावले. 'हाती' हा शरीराचा अवयव म्हणून यकृत आहे, आणि भावनांचे स्थान म्हणूनही तोच आहे. हृदय या अवयवाला 'जान्तुंग' म्हणतात. त्या दिवशी मला जो शब्द आठवायला हवा होता तो 'काळीज'. काळीज म्हणजे मुळात यकृतच, बोकडाची काळीज आपण खातो ती तीच, आणि 'काळजाला घर पडले', 'काळजाचा तुकडा' असे म्हणतो तेव्हा भावनाही तिथेच असते. 'साकित हाती' म्हणजे मन दुखावणे, 'पाताह हाती' म्हणजे प्रेमभंगाने काळीज तुटणे, 'रन्दाह हाती' म्हणजे नम्र. 'हाती-हाती' अशी द्विरुक्ती झाली की 'सांभाळून' असा अर्थ होतो. 'हाती'समोर 'काळीज' लिहून ठेवले की यातले निम्मे वाक्प्रचार आपोआप सुटतात, आणि वैद्यकीय कागदात 'यकृत' लिहायचे भानही राहते.

मृत्यूच्या शब्दांतही मराठीची जाण कामी येते. 'माती' म्हणजे मरणे, पण ते जनावरासाठी आणि विझलेल्या दिव्यासाठी. माणसासाठी तो शब्द रूक्ष वाटतो. माणूस 'मनिंगाल' होतो, म्हणजे वारतो. आदरणीय व्यक्ती 'वाफात' होते, अपघातात किंवा हिंसेत मेलेला 'तेवास' होतो, आणि रणात पडलेल्या सैनिकासाठी 'गुगुर' हा शब्द आहे, जो एरवी पान-फूल गळण्यासाठी वापरतात. मेला, वारला, निवर्तले, धारातीर्थी पडला, यांतले अंतर ज्याला कळते त्याला हेही कळते. त्याच जाणिवेने 'पुत्रा' हा शब्द घ्यावा. आपल्या मुलाला 'आनाक' म्हणायचे आणि समोरच्या प्रतिष्ठित माणसाच्या मुलाची चौकशी करताना 'पुत्रा' म्हणायचे. दुसऱ्याच्या मुलाला आपण 'आपले चिरंजीव' म्हणतो, तशीच ही रीत. संस्कृतातून आलेला शब्द इथे अर्थापेक्षा आदर जास्त सांगतो, आणि हे आपल्याला मुद्दाम शिकावे लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक आहे, पण त्यावाचून पुढे जाता येणार नाही. इंडोनेशियन शब्दकोश मूळ शब्दावर रचलेला असतो, आपल्याला वाक्यात भेटतो तो शब्द उपसर्ग-प्रत्यय लागलेला असतो. त्यामुळे 'मनुलिस' हा शब्द 'म'मध्ये सापडणार नाही, तो 'तुलिस'खाली आहे. 'म' हा उपसर्ग लागताना मूळ शब्दाचे पहिले व्यंजन नाकात विरघळते. 'प'चा 'म' होतो, 'पुकुल'चे 'ममुकुल'. 'त'चा 'न' होतो, 'तुलिस'चे 'मनुलिस'. 'क'चा 'ङ' होतो, 'किरिम'चे 'मंगिरिम'. 'स'चा 'न्य' होतो, 'सापु'चे 'मन्यापु'. व्यंजने ज्या स्थानावर उच्चारली जातात त्याच स्थानाचे अनुनासिक येते, आणि वर्णमालेतील क-वर्गाचा ङ, त-वर्गाचा न, प-वर्गाचा म लहानपणी पाठ केलेल्या माणसाला हा नियम परका नाही. फक्त 'स' हा अपवाद ध्यानात ठेवावा. काही रूपे मात्र संदर्भाशिवाय सुटत नाहीत. 'बरुआंग' असे लिहिलेले दिसले तर ते अस्वल असू शकते, 'उआंग' म्हणजे पैसा धरून 'पैसेवाला' असू शकते, किंवा 'रुआंग' म्हणजे जागा धरून 'जागा असलेले' असू शकते.

जुनी पुस्तके वाचणार असाल तर आणखी एक गोष्ट. १९७२ मध्ये लेखनपद्धती बदलली. आज 'च' आणि 'ज' यांसाठी एकेकच अक्षर आहे, पण त्याआधीच्या छापील मजकुरात त्यांसाठी दोन-दोन अक्षरे डच वळणाने लिहिलेली असत. ती नव्या पद्धतीत बदलून घेतल्याशिवाय कोशात शब्द सापडत नाही. राष्ट्रीय भाषासंस्थेचा मोठा कोश १९८८ मध्ये प्रथम निघाला आणि आता तो संगणकावर विनामूल्य पाहता येतो. इंग्रजी अर्थ देणाऱ्या छोट्या कोशांपेक्षा तोच वापरावा, कारण त्यात मूळ शब्दाखाली त्याचे अख्खे कुटुंब एकत्र दिलेले असते.

म्हणून यादी सुट्या शब्दांची न करता कुटुंबांची करावी, असे मी सुचवतो. एका पानावर 'आदिल' लिहा. आदिलशाहीमुळे 'न्यायी' हा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, आणि 'अदालत'ही त्याच मुळाची. त्याखाली 'कआदिलान' म्हणजे न्याय, 'पंगादिलान' म्हणजे न्यायालय, 'पर-आदिलान' म्हणजे न्यायव्यवस्था, 'मंगादिली' म्हणजे खटला चालवणे. न्यायालयात चालणाऱ्या खटल्याला 'पर्कारा' म्हणतात, तो आपला 'प्रकार', आणि आपल्या न्यायालयांतील 'प्रकरण' त्याच्या अगदी शेजारी बसते. दुसऱ्या पानावर 'बिआसा' लिहा. यादीत त्यापुढे 'अभ्यास' असे मूळ बरोबर दिले आहे, पण अर्थही अभ्यास असाच लिहिला आहे. 'बिआसा' म्हणजे नेहमीचे, सवयीचे. 'कबिआसाआन' म्हणजे सवय, 'तरबिआसा' म्हणजे सवय झालेला, 'बिआसान्या' म्हणजे बहुधा. शिकण्याचा जो अभ्यास, त्यासाठी मूळ शब्द 'आजार' आहे. 'बलाजार' म्हणजे शिकणे, 'मंगाजार' म्हणजे शिकवणे, 'पलाजार' म्हणजे विद्यार्थी, 'पलाजारान' म्हणजे धडा.

यादीतील शेवटची नोंद 'चाहाया' अशी आहे आणि त्यापुढे 'सावली' असा अर्थ दिला आहे. मूळ शब्द 'छाया' हेच आहे, यात चूक नाही. पण संस्कृतात छायेचा आणखी एक अर्थ कांती, झळाळी असाही होता. मराठीने सावली ठेवली आणि इंडोनेशियनने झळाळी. 'चाहाया' म्हणजे प्रकाश. सावलीला तिथे 'बायांगान' म्हणतात. तेवढी ओळ दुरुस्त करून घ्यावी.